समुद्राचं तिकीट

रविवारची सकाळ आहे, चहा झाला असेल, नसेल तर हातात कप घेऊन बसा. आज थोडी आकडेमोड आहे, त्यामुळे कागद-पेन्सिलही जवळ असू द्या.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या श्रोत्यांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "भारतातून आई-बाबा येणार आहेत, त्यांना हवाईला न्यायचंय. चांगल्या हॉटेलात ठेवायचंय. पण खर्च ऐकून छाती दडपते. काय करावं?" प्रश्न माझ्या ओळखीचा आहे, कारण आम्ही हे एकदा चुकीचं केलं आणि एकदा बरोबर. आज दोन्ही सांगते.

पहिली खेप २०२२ च्या नाताळातली. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि कराडहून आलेले माझे सासू-सासरे. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. सुट्ट्या पैशांचा हिशोब त्यांच्या बोटांत आहे. आम्ही वायकिकीवर समुद्रासमोरचं मोठं हॉटेल घेतलं. नाव सांगत नाही, कारण दोष हॉटेलचा नव्हता, आमचा होता. पहिल्या सकाळी नाश्त्याला बसलो. अण्णांनी मेनू उघडला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. माणशी चाळीस डॉलर. त्या वेळच्या भावाने तेहतीसशे रुपये. अण्णा म्हणाले, "मला भूक नाही. तुम्ही घ्या." दुसऱ्या दिवशीही भूक नाही. तिसऱ्या दिवशी मी काहीतरी विसरले म्हणून खोलीत परत गेले, तर अण्णा आणि आई पलंगाच्या कडेला बसून कराडहून आणलेला चिवडा खात होते. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, सांडू नये म्हणून.

मंडळी, त्या सहलीत आम्ही जवळजवळ नऊ हजार डॉलर घालवले, आणि ज्यांच्यासाठी घालवले ते दोघं पाच दिवस अर्धपोटी राहिले. अण्णांना समुद्र दिसलाच नाही, त्यांना फक्त किमती दिसल्या.

तेव्हा माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. काटकसर करायची ती घरी बसून, निघायच्या आधी करायची. तिथे पोचल्यावर कुणाला हिशोब करायची वेळ येता कामा नये. वडीलधाऱ्यांना तर नाहीच.

आता क्रमाने घेऊ.

पहिली गोष्ट, खरा भाव. हवाईत हॉटेलच्या खोलीवर राज्याचा निवास कर आहे. १ जानेवारी २०२६ पासून तो ११ टक्के झाला. पर्यावरणाच्या कामांसाठी त्यात पाऊण टक्का वाढवला गेला. त्यावर काउंटीचे ३ टक्के आणि सर्वसाधारण कर साधारण पावणेपाच टक्के. सगळे मिळून जवळपास १९ टक्के. मग येते रिसॉर्ट फी. समजा खोली ५०० डॉलर रोज, रिसॉर्ट फी ५०. या दोन्हींवर कर, म्हणजे सुमारे १०३. गाडी लावायचे आणखी ५० धरा. पाचशेची खोली सातशेला पडली. पाच रात्रींचे हजार डॉलर नुसते वरचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तसला प्रकार.

१२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला आहे. हॉटेलांना सक्तीची फी धरूनच भाव दाखवावा लागतो. त्यामुळे रिसॉर्ट फी आता अचानक उगवत नाही. पण सरकारी कर नंतर मिळवला जाऊ शकतो, आणि पार्किंग सक्तीचं नसल्यामुळे त्यात धरलेलं नसतं. म्हणून पैसे भरायच्या आधीचं शेवटचं पान पाहा, वर पार्किंग मिळवा, आणि मगच दोन हॉटेलांची तुलना करा.

दुसरी गोष्ट, कधी जायचं. नाताळ ते नवं वर्ष आणि वसंतातली शाळेची सुट्टी हे सगळ्यांत महाग दिवस. आपण नेमके तेव्हाच जातो, कारण मुलांना सुट्टी असते. स्वस्त दिवस कोणते? एप्रिलचे शेवटचे दिवस ते जूनचा पहिला आठवडा, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरचा मध्य. फक्त एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा जपानमध्ये सुट्ट्यांचा असतो, तेव्हा होनोलुलूत गर्दी होते, ते टाळा. बे एरियाहून पाच-साडेपाच तासांचं विमान आहे. मुलांची दोन दिवसांची शाळा बुडवून शनिवार-रविवार जोडले तरी चार-पाच दिवस मिळतात. शिक्षकांना आधी विचारा, अभ्यास बरोबर न्या. आजी-आजोबांबरोबरचे दोन दिवस हे शिक्षणच आहे.

तिसरी गोष्ट, सगळ्या रात्री महागड्या हॉटेलात काढायची गरज नाही. आम्ही दुसऱ्या खेपेला तीन रात्री स्वयंपाकघर असलेल्या फ्लॅटमध्ये आणि शेवटची एक रात्र मोठ्या हॉटेलात राहिलो. ती एक रात्र आम्ही पूर्ण वापरली. सकाळी लवकर जाऊन सामान ठेवलं. खोली दुपारी मिळते, पण पोहण्याचा तलाव आणि आरामखुर्च्या बहुतेक ठिकाणी लगेच वापरू देतात, आधी फोन करून विचारा. फ्लॅट घेताना जाहिरातीत कराचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा, हवाईत तो लिहावाच लागतो. भाड्याच्या घरांचे नियम तिथे कडक आहेत आणि आणखी कडक होताहेत. तिथल्याच माणसांना राहायला घरं नाहीत, विशेषतः ऑगस्ट २०२३ मध्ये लहाइना गाव जळाल्यापासून. तेव्हा बेकायदा घर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

क्रेडिट कार्डाचे गुण साठले असतील तर ती एक रात्र गुणांवर काढा. हयात आणि हिल्टन या साखळ्यांत पूर्ण रात्र गुणांवर घेतली तर रिसॉर्ट फी लागत नाही. पण गुण मिळावेत म्हणून कार्डावर थकबाकी ठेवू नका. वीस-बावीस टक्के व्याज भरून मिळवलेली फुकट रात्र फुकट नसते.

आणि गाडी. वायकिकीत मुक्काम असेल तर सगळे दिवस गाडी नको, बसची सोय चांगली आहे. गाडी फक्त फिरायच्या दिवशी घ्या, म्हणजे रात्रीच्या पार्किंगचे पैसे वाचतात. माऊई किंवा बिग आयलंडवर मात्र गाडीशिवाय चालत नाही. गाडीचं बुकिंग बहुधा फुकट रद्द करता येतं, म्हणून लवकर करून ठेवा आणि दर उतरला की पुन्हा करा.

चौथी गोष्ट, पोटाची. हवाईत बहुतांश अन्न बोटीने बाहेरून येतं, त्यामुळे दूध-भाजीसुद्धा महाग. माऊईला कॉस्टको विमानतळाला लागूनच आहे, उतरल्यावर पहिला थांबा तिथे घ्या. घरून न्यायचं ते मात्र आपलं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, बेसन, भाजलेला रवा, लोणचं, चहाचा मसाला. पिठं आणि लोणचं हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत टाका, म्हणजे सुरक्षा तपासणीत खोळंबा होत नाही. हवाईला जाताना शेतीमालाचं घोषणापत्र भरावं लागतं. बंद पाकिटातले पदार्थ चालतात, पण ताजी फळं, भाज्या, रोपं नेत असाल तर लिहून द्यावं लागतं. परत येताना अमेरिकेच्या कृषी खात्याचे लोक सामान तपासतात. अननस आणि नारळ आणता येतात. आंबा आणता येत नाही. कुणाच्या परसातला ताजा कढीपत्ताही आणू नका, त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड येते.

स्वयंपाकघर नसलेल्या हॉटेलच्या खोलीत मात्र इंडक्शनची शेगडी लावू नका. फोडणीने धुराची घंटा वाजली की सगळा मजला खाली उतरतो, आणि मग दंड. किटलीतल्या उकळत्या पाण्यात होईल तेवढंच करा.

सनस्क्रीनही इथूनच न्या. प्रवाळाला अपायकारक ठरलेली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं असलेली क्रीम विकायला हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं क्रीम इथे घ्या, तिथे किनाऱ्यावरच्या दुकानात तेच महाग मिळतं.

पाचवी गोष्ट, बघायचं काय. चांगल्या जागा फार महाग नाहीत, पण आधी नोंदणी लागते, आणि आयत्या वेळी जाणाऱ्याला एजंटकडून दामदुप्पट द्यावे लागतात. पर्ल हार्बरचं ॲरिझोना स्मारक फुकट आहे, होडीच्या नोंदणीला माणशी १ डॉलर. पर्स-पिशवी आत नेता येत नाही, हे आईला आधी सांगून ठेवा. डायमंड हेडला बाहेरच्यांना माणशी ५ डॉलर आणि गाडीचे १०, नोंदणी सक्तीची. वर जायला भरपूर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना नेऊ नका. हनौमा बेला २५ डॉलर, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. सोमवारी आणि मंगळवारी बंद. नोंदणी दोनच दिवस आधी, हवाईच्या वेळेने सकाळी सातला उघडते आणि पटकन संपते.

माऊईच्या हलेआकाला ज्वालामुखीला गाडीमागे ३० डॉलर, तीन दिवस चालतात. सूर्योदयाला वेगळी नोंदणी आणि १ डॉलर लागतो. आम्ही सूर्यास्ताला गेलो, त्याला नोंदणी लागत नाही आणि पहाटे दोनला उठावं लागत नाही. उंची दहा हजार फूट, म्हणून स्वेटर न्या, आणि हृदयाचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून जा. आणखी एक गंमत. तुमचं मूल चौथीत असेल तर त्याला राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा पास फुकट मिळतो आणि त्या पासावर सगळी गाडी आत जाते. आमची धाकटी चौथीत होती. फाटकावर तिनेच पास दाखवला. अण्णा म्हणाले, "बघा, नातीने आजोबांचं तिकीट काढलं."

आता एक सावधगिरी. वायकिकीच्या फुटपाथवर, हॉटेलच्या लॉबीत, हसतमुख माणसं विचारतात, "लुआऊची तिकिटं हवीत का? निम्म्या किमतीत? फक्त दीड तास आमचं बोलणं ऐका." ते टाइमशेअर विकतात. दीड तासाचे तीन तास होतात. आपली माणसं भिडस्त, नाही म्हणता येत नाही, आणि सासू-सासऱ्यांसमोर तर अजिबातच नाही. शंभर-दोनशे डॉलरच्या तिकिटासाठी वीस-तीस हजारांचा करार गळ्यात पडतो, आणि दरवर्षीचा देखभाल खर्च वेगळा, तो वाढतच जातो. भीक नको पण कुत्रा आवर, असं होतं. सही झालीच असेल तर घाबरू नका. हवाईच्या कायद्याप्रमाणे सात दिवसांत लेखी कळवून करार रद्द करता येतो. घरी आल्यावर बघू म्हणालात तर मुदत जाते. तिथे असतानाच करा.

मग बचत कुठे करायची नाही? तीन ठिकाणी. एक, आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमा. त्यातल्या अटी वाचा, आधीपासूनच्या आजाराचं काय लिहिलंय ते बघा. दोन, समुद्र. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच पाण्यात उतरा. आपले लोक पोहायला शिकलेले नसतात आणि गुडघाभर पाण्यात लाट पाडते. होनोलुलूत अला मोआना पार्कचं पाणी प्रवाळाच्या आडोशामुळे शांत असतं, माऊईत किहेईच्या कामाओले किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. लाल बावटा असेल तर वाळूत बसा. तीन, खोली आवरणाऱ्या बाईंची टीप. २०२४ च्या शरद ऋतूत वायकिकीच्या एका मोठ्या हॉटेलातले कामगार चाळीस दिवस संपावर होते, पगार आणि कामाचा बोजा यांसाठी. आपली चैन त्यांच्या पाठीवर उभी असते. रोज सकाळी उशीपाशी चार-पाच डॉलर ठेवा, आणि हा खर्च आधीच धरा.

कागदपत्रांचंही बोलते, कारण दर वेळी फोन येतात. हवाई हे अमेरिकेचंच राज्य. एच-वन-बीवर असाल आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला असेल तरी तिथे जाऊन येता येतं, स्टॅम्पिंगचा प्रश्न येत नाही. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा. आई-बाबांना विमानतळावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. आपल्याला मे २०२५ पासून रिअल आयडी किंवा पासपोर्ट हवा.

न्यू जर्सी, बॉस्टनकडून ऐकणाऱ्यांना हवाई दहा-अकरा तास पडतं. त्यांनी पोर्तो रिकोचा विचार करावा. न्यूयॉर्कहून सान हुआन चारेक तास, तेही देशांतर्गत. तिथलेही किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. कुलेब्रा बेटावरचा फ्लामेंको किनारा जगात नावाजलेला, आणि सेइबाहून तिथे नेणाऱ्या सरकारी बोटीचं तिकीट दोन-अडीच डॉलर. बोटीचं परतीचं तिकीट आधीच काढा एवढंच.

आता राहिली दुसरी खेप. सप्टेंबर २०२५, माऊई. या वेळी सगळं आधी भरून टाकलं होतं. नोंदणीचे कागद एका पाकिटात. मेनू अण्णांच्या हातात द्यायचाच नाही, असं नवऱ्याचं आणि माझं ठरलं होतं. सकाळी फ्लॅटमध्ये थालीपीठ, दुपारी डब्यातली पोळी-भाजी, संध्याकाळी कधी बाहेर, कधी पिठलं-भात.

दुसऱ्या दिवशी आम्ही वायलेआला गेलो. तिथे एकापुढे एक आलिशान हॉटेलं आहेत, रात्रीचा भाव हजार डॉलरच्या पुढे. आणि त्या हॉटेलांच्या व समुद्राच्या मधून दीड मैलाची पायवाट जाते. ती सगळ्यांसाठी खुली आहे. हवाईत किनारा कुणाच्या मालकीचा नसतो. लाट जिथवर पोचते तिथवर जमीन लोकांची, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या ॲशफोर्ड खटल्यात ठरवलं. म्हणून मोठ्या हॉटेलांजवळ "सार्वजनिक किनाऱ्याकडे जाण्याची वाट" अशा पाट्या असतात आणि थोडं पार्किंगही असतं. काही ठिकाणी आता बाहेरच्यांकडून पार्किंगचे पैसे घेतात, पाटी वाचा. सकाळी लवकर गेलात तर जागा मिळते.

कॉस्टकोतून घेतलेल्या दोन घडीच्या खुर्च्या आम्ही वाळूत मांडल्या. हॉटेलच्या छत्र्या आमच्यापासून दहा पावलांवर. अण्णा बसेनात. इकडेतिकडे बघत उभे. मग हळूच मला म्हणाले, "सूनबाई, याचं तिकीट किती?"

मी म्हटलं, "काही नाही, अण्णा. समुद्र सरकारी आहे."

त्यांनी हॉटेलकडे पाहिलं, लाटांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मग बसू या."

ते आणि आई तिथे तीन तास बसले. डबा खाल्ला. आईंनी पाय ओले केले. अण्णांनी खिशातून काही काढलं नाही, काही मोजलं नाही. संध्याकाळी म्हणाले, भूक लागली.

त्या सहलीला पहिल्या सहलीच्या निम्म्याहून थोडे अधिक पैसे लागले. पण मी ती रकमेसाठी आठवत नाही. तेव्हा मंडळी, याद्या करा, आकडे मांडा, दर शोधा, पण हे सगळं आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, विमानात बसायच्या आधी. तिथे गेल्यावर कागद मिटून ठेवा आणि खुर्च्या उघडा.

पुढच्या रविवारी आपण भारतातून येणाऱ्या पालकांच्या आरोग्य विम्याबद्दल सविस्तर बोलू. अटींची भाषा सोपी करून सांगायचा प्रयत्न करीन. तोवर तुमचे अनुभव कळवत राहा. नमस्कार.